डोंगरी नावाची दोन गावं

भाईंदर पश्चिम,
मंगळवार

तीर्थस्वरूप शिवदासमामांच्या चरणी भाचा उत्तमचा नमस्कार. (लोटांगणच घालणार होतो, पण सीटवर बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा लेखी लोटांगण समजावं.) मामींची साखर आटोक्यात असेल, तुमचे गुडघे जव्हारच्या थंडीत फार कुरकुरत नसतील, असं धरून चालतो. पत्र बघून दचकू नका, घरात कोणी गेलेलं नाही. फोनवर बोललो तर तुमची भाचेसून रसिका ऐकते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर मामी ते सगळ्या ग्रुपवर टाकतात, म्हणून हा कागद.

गणपतीत तुम्ही विचारलंत, "टॅक्सीचं कसं चाललंय रे?" आणि मी म्हणालो, "मस्त." मामा, ते खोटं होतं. स्टीलची फॅक्टरी बंद पडल्यावर मी ही भाड्याची गाडी घेतली तेव्हा मोबाईलवाल्या टॅक्सी कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं की आता तुम्हीच तुमचे मालक. त्याचा अर्थ मला आता कळला. मालक मी, म्हणून गॅस माझा, पंक्चर माझं, दंड माझा, आणि गाडीचं रोजचं नऊशे रुपये भाडं, गाडी चालो न चालो, तेही माझंच. ट्रिप कुठली मिळणार, तिचे किती मिळणार आणि उद्या मला काम असणार की नाही, एवढंच तेवढं मोबाईलच्या हातात आहे.

झालं असं. मागच्या महिन्यात एका सकाळी साठ फुटी रोडवरून ट्रिप आली, जायचं डोंगरीला. डोंगरी म्हणजे मुंबईतली, हजाराच्या वरची ट्रिप! मी आरशात बघून केस सारखे केले. गाडीत बसल्या हंसाबेन, वय अठ्ठ्याहत्तर, हातात खाखऱ्याचा डबा. कॅनडाच्या मुलीने तिथून गाडी बुक करून दिलेली. मी हायवेकडे वळणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाई, उलटा किधर? फिलोमिना राह देखती होगी." फिलोमिना म्हणजे त्यांच्या जुन्या शिवणक्लासमधली मैत्रीण, डोळ्याचं ऑपरेशन झालेली, राहणार उत्तनच्या अलीकडच्या आपल्या डोंगरीत. आठ किलोमीटर! मुलीने कॅनडात बसून नकाशावर भलत्याच डोंगरीला टिकली लावली होती.

(इथे एक कबुली. क्षणभर मनात आलं, गप्प बसावं आणि म्हातारीला मुंबईत नेऊन सोडावं. नकाशा माझ्या बाजूने होता, पैसेही. मग त्यांनी डबा उघडून एक खाखरा पुढे केला आणि माझा धंदा बसला.)

ठिकाण बदलायचं तर ज्याने बुक केलं त्याने बदलायचं. हंसाबेनचा फोन घरी चार्जिंगला. मी ट्रिपवर दिसणाऱ्या नंबरवर मुलीला तीनदा फोन लावला, अनोळखी नंबर म्हणून तिने उचलला नाही. शेवटी म्हटलं, माणसाला जायचंय तिथे नेऊ, आणि गाडी मुर्ध्याच्या रस्त्याला घातली. आता कॅनडातून बघा. आई जाणार मुंबईला, आणि गाडीचं चित्र निघालंय उलट्या बाजूला, खाडीच्या कडेने, सरळ समुद्राकडे. तिने धोक्याचं बटण दाबलं. तिची काही चूक नाही, मीही दाबलं असतं.

राई गावाच्या पुढे मोटरसायकलवरून आलेल्या पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मला खाली उतरवलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकाने मोबाईल काढून शूटिंगही सुरू केलं. मामा, सत्तेचाळीस वर्षांत माझ्याकडे कोणी तसं बघितलं नव्हतं. मग मागची काच खाली झाली आणि हंसाबेन म्हणाल्या, "साहेब, ये लडका मेरेको नहीं ले जा रहा, मैं इसको लेके जा रही हूँ." पोलीस हसला, भला माणूस होता, जा म्हणाला. पण तोवर मोबाईलमधली ट्रिप संपलेली, पैसे शून्य, आणि माझं खातं बंद. कारण : प्रवाशाची सुरक्षितता. प्रवासी मागे बसून खाखरा खात होता.

फिलोमिनाबाईंच्या दारात दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मग दोघी मिळून उशिराबद्दल माझ्यावर ओरडल्या. संध्याकाळी त्यांना परत घरी सोडलं, तेही मीच. नाहीतरी दुसरं काम नव्हतं.

खातं अकरा दिवस बंद होतं. कंपनीचं मदत केंद्र कांदिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. काचेपलीकडे अनुष्का नावाची मुलगी, बावीस-तेवीसची. म्हणाली, "सर, मी नाही, सिस्टीमने केलंय." मी विचारलं, सिस्टीम कुठे बसते, मी जाऊन भेटतो. ती म्हणाली, "मला पण नाही माहीत, सर." दुसऱ्या खेपेला मी साक्षात हंसाबेनना घेऊन गेलो. त्यांनी काचेवर हात आपटून सांगितलं की मी जिवंत आहे. अनुष्का म्हणाली, ज्या खात्यावरून तक्रार आली त्यावरूनच जबाब हवा. कॅनडाच्या मुलीने बिचारीने माफीची मेल केली, तर तिला उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. निघताना अनुष्का हळूच म्हणाली, "सर, मला पाच स्टार द्याल? कमी पडले तर माझं पण बंद करतात." दिले. काय करणार?

तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलीत. डेपो मॅनेजर कितीही खडूस असला तरी तो खुर्चीत दिसायचा, त्याच्या टेबलावर हात आपटता यायचा. मी कोणावर ओरडू, मामा?

रसिकाला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो आणि जेसल पार्कच्या खाडीपाशी गाडी लावून बसायचो. "किती ट्रिपा?" "बारा." असं चार दिवस. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "गाडीचे किलोमीटर सोमवारपासून चाळीससुद्धा वाढलेले नाहीत." बस, एवढंच. मग माझ्या ताटात न मागता पोळी वाढली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाराव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. जसं बंद झालं तसंच उघडलं, का तेही कळलं नाही. वर 'पुन्हा स्वागत!' आणि सहा मिनिटांचा व्हिडिओ : नकाशा सोडून जाऊ नका. आता मी सोडत नाही. परवा एका आजोबांना त्यांच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी उतरवलं, कारण टिकली तिथे होती. गेट पलीकडे आहे हे मला दिसत होतं. मी बोललो नाही. ते भिंतीला धरून, पिशवी सांभाळत लांबचा वळसा घेऊन गेले, आणि मी पुढची ट्रिप घेतली. चौदा तास गाडी हाकून हातात जे उरतं त्याचं मला इतकं वाईट वाटत नाही, जितकं त्या आजोबांचं वाटतं. पण तेही एखाद महिन्यात वाटेनासं होईल, असं दिसतंय.

मामींना नमस्कार. त्यांना यातलं काही सांगू नका.

तुमचा,
उत्तम

ता. क. : तुमचं लायसन्स अजून चालू आहे ना? कंपनीची नवीन स्कीम आहे. आपला कोड टाकून नवीन ड्रायव्हर आणला आणि त्याने महिन्यात चाळीस ट्रिपा केल्या की आपल्याला चार हजार मिळतात. तुमच्यासारखा मुरलेला ड्रायव्हर चाळीस ट्रिपा हसतखेळत करेल. आमच्याकडेच राहा. गाडी माझीच घ्या, मी झोपतो तेव्हा ती रिकामीच असते. धंदा तसा वाईट नाही, वर मी जरा वाढवून लिहिलंय.

ता. क. दुसरा : पाकिटासाठी डिंक मागितला आणि पकडला गेलो. रसिकाने सगळं वाचलं. म्हणाली, "साठी उलटलेल्या माणसाला कुठे ओढताय? आधी ते खोडा." तिचं बरोबर आहे. तेव्हा मामा, वरचा ता. क. वाचला नाही असं समजा. कोड पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. मोठ्या अक्षरात, चष्मा लागणार नाही.