विशूची लाल बीअर आणि माझं नाक

मंगळवार, ४ फेब्रु., लातूर

विशू सहा वर्षांचा असेल. मी नाचणीला मोड आणून गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत घालायची, सत्त्वासाठी. राखणीला हा. चिमण्या हुसकायच्या सोडून स्वतःच मूठ मूठ खायचा. खाली आला की ओठांना मोड चिकटलेले. "किती खाल्लीस रे?" "एका चिमणीएवढी." मग दोघं पायरीवर बसून उरलेली पाखडायचो. बोलायचो काय, ते आता आठवत नाही.

आज त्याचा पुण्याहून फोन. बीअरही अशीच करतात म्हणे. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. "तुझ्याकडूनच शिकलो, आई." हे असते तर पेपर तोंडावर धरला असता. हे शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले, मुलगा फूड कंपनीत आहे.

आता कारखान्यात वि.ने स्वतःच्या हिमतीवर पहिली बीअर केली आहे. लाल लागर, आयर्लंडच्या धर्तीची. टाकी तयार. सोमवारी १७ला बाटल्या भरायच्या. पण, "आई, तिच्यात काहीतरी आहे. किंवा नाहीच. पंधरा दिवस तेच हुंगून माझं नाक थकलंय. पार्टनर म्हणतो मस्त आहे, भर. तू बघ. काय शोधायचं ते मी सांगणार नाही. तू म्हणशील तसं करीन."

नाही भरली तर हॉटेलची ऑर्डर जाते, आणि पार्टनरही जातो. खराब भरली तर ह्याचं नाव जातं.

"बाबांनी तुझ्या नाकावर तुरीचे ट्रक परत पाठवलेत."

खरं आहे. ह्यांच्या डाळमिलमधून नमुन्याच्या पुड्या घरी यायच्या. मी हुंगून सांगायची, हे पोतं ओल लागलेलं.

मी "पाठव" म्हटलं. जे सांगायला हवं होतं ते...

ताप येऊन गेला त्याला दोन वर्षं झाली. वास गेला. आला तो अर्धामुर्धा, आणि खोटा. घरात दूध नसतं तेव्हाही दूध जळल्याचा वास येतो. रोज सकाळी हिंगाची डबी उघडून बघते. फोडणी आवाजावर जमते. कुणाला सांगितलेलं नाही.

हिंग: नाही.

गुरु. ६

हिंग: थोडा आला. नंतर गेला.

वि.चा मित्र गाडीने गावी आला, त्याच्याबरोबर खोकं. वर ठळक अक्षरांत "सरबत". शेजारच्या वहिनी दारातच. "कोकमचं का हो?" मी मान हलवली. चौसष्टाव्या वर्षी खोटं बोलले आणि हसू आलं.

पाच बाटल्या.

गळ्यात इष्टलिंग. ते काढायचं नसतं, आणि हे घ्यायचं नसतं. वि. म्हणाला होता, गिळू नको, चूळ भरून टाक, चहा पारखणारे तेच करतात. तेवढ्याने चालतं का, कुणाला विचारू? पदर घट्ट गुंडाळून घेतला, आत लिंग झाकलं जाईल असा. म्हणजे कुणापासून झाकलं, तेही कळेना.

स्टीलच्या पेल्यात ओतली. फेस बाहेर, ओट्यावर ओघळ. मग काचेच्या ग्लासात, रंग बघायला. तांबूस, उजेडात धरली की कडेला सोनेरी. हा रंग पाहिलेला आहे हे लगेच कळलं, कुठे ते कळायला वेळ लागला. सिस्टर ब्रिजिटच्या भुवया. नांदेडच्या शाळेत त्या एकट्याच आयर्लंडच्या. डोकं झाकलेलं असायचं, पण भुवया झाकता यायच्या नाहीत.

हुंगलं. आधी काही नाही. मग भाकरीचा करपलेला पापुद्रा. मग, अगदी स्पष्ट, कढायला ठेवलेलं लोणी. पहिला फेस धरतं तेव्हाचं. दोन वर्षांत काही इतकं स्पष्ट आलं नव्हतं. मोठ्यांदा "लोणी!" म्हणाले.

वळून बघते तर ओट्याच्या कोपऱ्यात पातेलं. कामाला येणाऱ्या इंदूबाईने सकाळी खरंच लोणी कढवलेलं. बेरी अजून तळाला.

मग वास बीअरचा, की पातेल्याचा, की माझ्या डोक्यातला?

शुक्र. ७

वि.चा फोन सकाळीच. एरवी रविवारी करतो, "तब्येत?" विचारतो, मी "बरी" म्हणते, संपलं. या आठवड्यातला हा तिसरा.

"काय वाटलं?"

"रंग सिस्टर ब्रिजिटच्या भुवयांचा."

"आई, हे मी लेबलवर कसं छापू?" किती दिवसांनी असा हसला. मग, "किती थंड केली होतीस?"

"थंड करायची असते?"

"अगं, गरमच प्यायलीस? स्टीलच्या पेल्यातून?" मग एकदम, "थांब. कोमट असताना काही आलं का? आम्हीही असंच तपासतो. थंड असली की दोष लपतात."

जिभेवर होतं, लोणी. नाही बोलले. पातेलं डोळ्यांसमोर. म्हटलं, घाईत सांगत नाही, अजून बघते.

"घे वेळ. तुझं नाक आहे म्हणून मला झोप लागते आहे."

फोन ठेवल्यावर बराच वेळ डहाळ्यांचे हरभरे सोलत बसले. वाटीभर झाले तरी सोलतच होते.

रवि. ९

हिंग: आला.

दुसरी बाटली. या वेळी फ्रिजमधून काढून, गॅलरीत बसून, स्वयंपाकघराचं दार लावून. थंड असताना काहीच नाही. नुसती गार आणि थोडी कडू, कढीलिंबाचा देठ चावल्यासारखी. ऊन लागून कोमट झाली. भाकरी आली. गुळाच्या काहिलीच्या कडेचं खरपूस काहीतरी आलं. मग दूध जळल्याचा वास. आत जाऊन बघून आले, गॅस बंद. म्हणजे तो माझा. त्याच्या मागे लोणी होतं का? होतं. नव्हतं. नाक वर करून कुत्र्यासारखी बसले होते, समोरच्या गच्चीवरची बाई बघत होती.

एक घोट गिळला गेला. मुद्दाम की चुकून, सांगता येत नाही. पोटात ऊब वाटली, आणि हे डोळ्यांसमोर आले, पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघणारे. रागावलेले नव्हते. काय होते, तेही नीट नाही दिसलं.

उरलेली पेल्यात ठेवून वर ताटली झाकली.

सोम. १०

आज सोमवार. पूजा, उपास. बीअरला हात नाही. लिंग हातावर घेऊन बसले की मन शांत होतं एरवी. आज हातावर लिंग आणि डोक्यात विशूची टाकी. भस्माला वास असतो का? पूर्वी यायचा का? आठवेना.

मंगळ. ११

हिंग: नाही.

झाकलेला पेला उघडला. फेस मेलेला, नुसतं तांबूस पाणी. आणि लोणी. स्वयंपाकघरात कालपासून लोणी नाही, तूप बरणीत, घट्ट झाकलेलं. तरी लोणी. पण सकाळी हिंग आला नव्हता. हिंग येत नाही त्या नाकाला लोणी कसं येतं?

इंदूबाई भांडी घासून राहिली होती. तिला म्हटलं, "इंदू, जरा हुंगून सांग, कशाचा वास येतो." पेला पुढे केला. ती दोन पावलं मागे सरली.

"काकू, हे दारूचं हाय ना?"

"विशूने बनवलंय गं. फक्त वास घ्यायचा."

"न्हाई काकू. माज्या घरात ह्या वासानं लई वाटोळं केलं. मालक गेला तवापासून मी त्या गल्लीनं बी जात न्हाई." ओले हात पदराला पुसले. "तुमाला येत न्हाई का वास?"

मी पेल्यावर ताटली ठेवली.

"मला ठाव हाय. दिवाळीला दूध जळून कोळसा झालं, तुमी शेजारी बसून पेपर वाचून राहिल्या व्हत्या. म्या बोलले न्हाई."

दिवाळीपासून तिला माहीत. म्हणून ती जाताना रोज गॅसचं बटण दोनदा बघून जाते. मला वाटायचं सवय आहे तिची.

बारा वर्षं ती या घरात येते. तिचा नवरा कशाने गेला हे मला माहीत होतं. तरी पेला पुढे केला. माफी मागितली. "जाऊ द्या वो" म्हणाली आणि भांड्यांचा आवाज जास्त करत राहिली.

गुरु. १३

नसीमला फोन. शाळेपासूनची एवढी एकच मैत्रीण उरली. नांदेडला तिच्या अब्बांचं अत्तराचं दुकान होतं, ती काउंटरवर वाढली. कशाचा वास ते सोडून सगळं सांगितलं, नाकाचंही. पहिल्यांदा कुणाला तरी तोंडाने.

"कुमुद! तू बीअर पिऊन राहिलीस? सिस्टरला कळलं तर गुडघ्यावर उभी करतील!"

"सिस्टर ब्रिजिटच्या गावचीच आहे ती."

"मग गुडघे माफ. हे बघ, मी पिणार नाही. हुंगीन. हुंगायला माझं काय जातंय, जिंदगीभर तेच केलं." मग आवाज बदलला. "लेकाला का नाही सांगितलं?"

"तो फोन करतोय गं. रोज. नाक गेलं म्हटलं तर विचारायला काय उरतं?"

 मग म्हणाली, "आणि खोटं सांगून त्याची टाकी बुडाली तर? तेव्हा करील रोज फोन?"

रागच आला तिचा. अजून आहे. पण ती उद्यापासून रविवारपर्यंत लातुरात, लेकीकडे.

शुक्र. १४

हिंगाची डबी उघडलीच नाही.

दुपारी मीच फोन लावला. आधी पाठ केलं होतं, तरी उलटंसुलटं झालं. "कोमट असली की लोण्याचा वास येतो. तीनदापैकी दोनदा नक्की. पण विशू, माझ्या नाकावर जाऊ नको. दोन वर्षांपूर्वीच्या तापात ते गेलं. मला नसलेले वास येतात."

पलीकडे मशिनीचा घर्र आवाज. तो बाहेर आला असावा, आवाज थांबला.

"दोन वर्षं?"

"हो."

"मी दिवाळीला आलो होतो. मी तुला चिवडा हुंगायला लावला. तू म्हणालीस, तेल जुनं आहे."

"तेल जुनंच असणार, दुकान बघून सांगितलं."

हसेल वाटलं. नाही हसला. "गॅसचं काय करतेस तू? एकटी असतेस. मला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं."

"आई, मीही लोणीच शोधत होतो. बीअर टाकीत पुरती मुरली नाही की तो वास राहतो." मग लगेच, "पण मला भीतीनेही येत असेल. तुला कशाने येतंय ते तुलाच माहीत नाही. मग मी काय करू आता?"

 "नंतर करतो," म्हणाला.

संध्याकाळ झाली. नाही केला.

शनि. १५

फोन नाही. भरायला दोन दिवस. पार्टनर मागे लागला असेल. लोणी खरं असेल तर टाकी थांबायला हवी. खोटं असेल तर मी नुसत्या नाकाने त्याचं काम घालवते आहे. रात्रभर दोन्ही बाजूंनी तेच.

मग उजाडताना सुचलं. माझं नाक नको. दुसरी दोन घ्यावीत. नसीम आहे. आणि उदगीरला शकूवन्सं, ह्यांची बहीण. आयुष्यभर घरचं तूप. लोणी शिळं किती दिवसांचं ते दारातून सांगतात. फोनवर चिडल्या आधी. "वहिनी, या वयात मला दारू हुंगायला लावता? शिवरात्र दहा-बारा दिवसांवर आली!" मग म्हणाल्या, "विशूची आहे का? पाठवा. पण देवघराच्या बाजूला आणणार नाही."

त्यांचा मुलगा शिवराज दुपारी इथून जीप घेऊन उदगीरला निघतो. त्याच्याकडे द्यायची चिठ्ठी इथे उतरवून ठेवते, विसरायला नको.

तीन बाटल्या आहेत.

एक नसीमला. शिवराज, जाता जाता तिच्या लेकीकडे दे. तिच्या हातात दे, जावयाच्या नको.

एक वन्संना. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पेल्यात ओतून ताटलीने झाकायची, फेस मरू द्यायचा, मग हुंगायची. हुंगेपर्यंत घरात काहीच कढवायचं-तळायचं नाही.

दोघींना काय शोधायचं ते सांगायचं नाही. लोणी हा शब्द तोंडातून काढायचा नाही, शिवराज, वाटेतही नाही. जे येईल ते दोघींनी उद्या संध्याकाळच्या आत विशूला थेट फोन करून सांगायचं. नंबर दोन्ही बाटल्यांवर चिकटवला आहे. मला सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही.

इंदूबाईला यातलं काही उचलायला लावायचं नाही. रिकाम्या बाटल्या मी धुतल्या आहेत. तूप आहे, त्यातली अर्धी बरणी तिच्याकडे जाईल.

तिसरी बाटली इथे राहील, विशूची. तो येईल तेव्हा. सोमवारी भरून येवो की न भरता, की शिवरात्रीला, की त्यानंतर कधी. तोवर कुणी उघडायची नाही. आला की त्याने चार पेले मांडायचे, एकात ही, बाकीच्यांत त्याला वाटेल ते, पाणी, ताक, काहीही. माझ्या डोळ्यांवर पदर बांधायचा. कशात काय आहे ते मला सांगायचं नाही, आणि मी चुकले तर हसायचं नाही. किंवा हसलं तरी चालेल.