खिडक्या लावून बसा

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

समुद्राच्या त्या लाटेनंतर तिसऱ्या दिवशी बस मिळाली, मुलांना घेऊन इथे पोचले. शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसं आणि चार नळ. तुझी नाजूक बहीण आता आंघोळीवाचूनही गाढ झोपते, हस खुशाल.

बाबा मात्र घरीच राहिले. आता फोनही लागत नाही. त्यांचं इन्सुलिन जेमतेम चार दिवसांचं होतं. तुझ्या अणुवीज प्रकल्पापासून घर तीन किलोमीटरवर. सुटका होताच त्यांना गाठ. पाया पडते, उशीर करू नकोस.

तुझी लाडकी,
चिमणी

१७ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

पत्र मिळालं, पण आवाराबाहेर सोडतंय कोण! लाटेने समुद्राकडचे पंप बुडवले, अणुभट्ट्या तापत चालल्या. आम्ही आळीपाळीने पाण्याचे पाइप ओढत होतो.

परवा गेलो. हातात किरणं मोजायचं यंत्र. आपल्या गल्लीत ते किरकिरायचं थांबेचना. बाबा खुर्चीत होते. गेलेले. इन्सुलिनची बाटली रिकामी. खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या, मी सांगितल्या तशा, नीट चिकटवलेल्या.

हो, मीच फोनवर म्हणालो होतो, भट्ट्या बंद आहेत, काही होत नाही, खिडक्या लावून बसा. घरच्यांना एवढंच सांगा, असं साहेबांनी बजावलं होतं. बुडालेले पंप मी डोळ्यांनी पाहिले होते गं.

किरणांच्या भीतीने त्यांना बाहेर आणू दिलं नाही. अंगावर चादर घातली, कुलूप लावलं, आलो. माफी मागायलाही तोंड नाही.

अभागी,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न.

पत्र जिन्यात बसून वाचलं, मुलांना दिसू नये म्हणून. तू सगळं लिहिलंस, तर मीही लिहिते.

बस आली तेव्हा बाबा पिशवी घेऊन आले होते. एक पाय पायरीवर ठेवलाही होता. गर्दी अशी की थोरलीचा श्वास कोंडत होता. मीच म्हणाले, दादा म्हणतोय ना काही होत नाही, मग तुम्ही उद्याच्या बसने या. ते लगेच उतरले. वर मलाच धीर दिला, पोरगा तिथेच कामाला आहे, त्याला नाही कळणार तर कुणाला.

उद्याची बस आलीच नाही.

तेव्हा माझ्याकडे माफी मागू नकोस. मी कुणाकडे मागू? इथल्या बायका विचारतात, वडील कुठे असतात. मी सांगते, भावाकडे.

सोडतील तेव्हा ये. माझ्या शेजारी आणखी एक सतरंजी मावेल. मला बोलायला मात्र लावू नकोस.

तुझीच,
चिमणी