आईच्या मोबाईलवर माझे फोटो

१२ जानेवारी

पाठवला! एकदाचा तसला फोटो पाठवला.

मी इथे नांदेडला होस्टेलवर, प्रेम तिकडे लातूरला फार्मसी करतो. चार दिवस माझ्याशी बोलणं बंद. कारण काय, तर “बाकीच्यांच्या पोरी पाठवतात, तुझाच विश्वास न्हाई माझ्यावर.” रूममेट रुद्राणी म्हणाली, “सगळ्याच पाठवतात गं. चेहरा नको दाखवू, बस्स.” घाईत चेहराही आला. त्याने एक लाल बदाम पाठवला आणि ऑफलाइन गेला.

बाथरूममध्ये कितीतरी वेळ तोंड धूत बसले.

१३ जानेवारी

प्रेम खूश. गोड गोड बोलतोय. मला जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी

आज डिपार्टमेंटला मॅडमचं व्याख्यान – विद्यार्थ्यांचं ऑनलाइन वागणं. “असे फोटो पोरं-पोरी का पाठवतात?” मागून कुणीतरी ओरडलं, “संस्कार न्हाईत, मॅडम!” सगळे हसले.

मीही हसले. सगळ्यांपेक्षा जोरात. किती नीच मी!

१६ जानेवारी

मेले!

आईचा फोन. “दिपे, तुझे नवे फोटो आले का बघून राहिले, तर नुसतं गोल फिरून राहिलंय.”

माझा जुना मोबाईल आईकडे आहे. त्यातलं माझं खातं मीच काढलं नव्हतं. तिला व्हॉट्सॲप उघडता येत नाही, म्हणून इथे काढलेला फोटो तिकडे आपोआप दिसावा अशी सोय करून दिली होती. केवढी हुशारी! दर रविवारी बचत गटाच्या बैठकीत तो मोबाईल हातोहात फिरतो. “माझी दीपमाला बघा, विद्यापीठात हाय.”

प्रेमला पाठवलेला फोटोही माझ्या ह्या मोबाईलनेच काढलेला. लगेच डिलीट केला; पण तिकडे नेट अडकलंय, तिथून गेला का कोण जाणे. आणि इतके दिवस तो तिथे होता की! आईनं पाहिला असेल? बाबांनी? बायांनी?

काय तोंड दाखवू?

१९ जानेवारी, रविवार

राहवेना, म्हणून सकाळीच बिलोलीला घरी आले. आईनं भाकरी वाढली. माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी गटाच्या बाया जमल्या. महामाया मावशी म्हणाली, “सरजाबाई, पोरीचे फोटो दावा की!”

आई म्हणाली, “मोबाईल बिघडलाय. बंद हाय.”

बिघडला? तासाभरापूर्वी बाबा त्यावर मामाशी बोलत होते!

म्हणजे तिनं पाहिलाय. मी आत चुलीपाशी होते. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आई कधी कुणाशी खोटं बोलत नाही. आज माझ्यापायी बोलली. रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

२० जानेवारी

आई स्टँडवर सोडायला आली. नांदेडची गाडी लागली तेव्हा पिशवी हातात देत म्हणाली, “दिपे, मी वरडत न्हाई. येवढंच सांग. तुझ्या मनानं काढलास का तो फोटो? का कुणी काढायला लावला?”

चार दिवस माफीची सगळी वाक्यं पाठ करत होते. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

गाडी सुटली. मी चढले नाही.