भैरवीनंतरचा ट्रॅक

आई,

आज कॉम्प्युटरने तुम्हा सगळ्यांना पुन्हा अनोळखी ठरवलं. तुमच्या गुरुवारच्या भजनी मंडळाची सीडी आत घातली, ती थोडा वेळ घरघरली आणि पडद्यावर आलं: ट्रॅक वन, ट्रॅक टू, आणि प्रत्येकासमोर 'अननोन आर्टिस्ट'. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक. इंटरनेटवर धुंडाळून त्याने विचारलं, ही अमुक एका परदेशी बँडची सीडी आहे का? गाण्यांची लांबी साधारण जुळली की तो असले तर्क लढवतो. मी 'नाही' दाबलं. जरा जोरातच दाबलं.

सीडी काढायचं कारण वरच्या काकू. पार्ल्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आपल्या डोक्यावर राहायच्या त्याच. आता मुलुंडला मुलाकडे असतात. नव्वदी ओलांडली, पण फोनवर अजून पूर्वीसारख्याच ओरडतात. "अगं, माझ्या सीडीवर नातू चहाचा कप ठेवायचा. वाट लागली तिची. तुझ्याकडे माझं गाणं असेल ना?" मी म्हटलं, "असेल, काकू." "असेल काय? बघ आणि मोबाइलवर पाठव. माझ्याजवळ थांबायला वेळ नाही बाई." मंडळातल्या बाकीच्यांपैकी आता कुणी उरलेलं नाही, आणि त्यांच्या घरच्यांना सीडी कुठे गेल्या ते ठाऊक नाही. माझीच काय ती राहिली. तिच्याही कडेला तपकिरी डाग पडलाय. सीडी आतून बाहेर वाजत जाते, म्हणजे शेवटचं गाणं अगदी कडेला असतं, आणि बोटं लागतात ती कडेलाच. काकूंचं गाणं दुसरं, त्यामुळे ते सुखरूप निघणार हे मला माहीत होतं. माझा जीव शेवटच्या ट्रॅकमध्ये अडकला होता. तो तू कधी ऐकला नाहीस.

बिल्डिंग पाडायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. कुणी बोरिवलीला भाड्याने जाणार, कुणी मुलाकडे, आपण अंधेरीला. शेवटच्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघून आले आणि टेपरेकॉर्डर टीपॉयवर ठेवला. तू पेटीवर बसलेली, नेहमीसारखी भिंतीला टेकून, डोळे मिटून. तुमच्या मंडळाचा एक नियम होता. जी बाई जे भजन सुरू करायची ते तिचं. ती आजारी असली, गावाला गेली असली, तरी ते दुसरी कुणी म्हणायची नाही. त्या दिवशी सगळ्या हजर होत्या, म्हणून सगळी गाणी झाली. तुझं एकही नाही. तू फक्त वाजवायचीस. कुणाचा सूर कुठे लागतो ते तुला पाठ, त्यामुळे तिने तोंड उघडायच्या आधी तुझी बोटं तिथे पोचलेली असायची.

ती कॅसेट मी वायर लावून कॉम्प्युटरवर उतरवली. ऑफिसात हिशेबाचं काम कॉम्प्युटरवर आल्यापासून मला त्याची भीती उरली नव्हती. तू मागे उभी राहून हुकूम सोडलास, "मधलं बोलणं सगळं काढून टाक. गाणंच राहू दे. लोक हसतील." मी काढलं. प्रत्येकीला एक सीडी दिली आणि तुला कमरेला खोचता येईल असा छोटा म्युझिक प्लेअर आणला, कारण अंधेरीच्या घरात तुझे गुरुवार फार लांब व्हायला लागले होते. तो पहिला दिवस मला लख्ख दिसतो. तू ओट्यापाशी उभी आहेस, एका कानात वायर, दुसरी पदरात अडकवलेली, हातात अर्धी चिरलेली भेंडी. चष्मा वर करून त्या टिचभर पडद्याकडे बघतेस.

"हे काय लिहिलंय गं?"

"अननोन आर्टिस्ट. म्हणजे कलाकार माहीत नाही."

"कुणाला माहीत नाही?"

"मशीनला."

"मग सांग की तिला!"

मी सांगितलं. रविवारी बसून सगळ्या गाण्यांपुढे कलाकार म्हणून तुझं नाव टाकलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट. मला वाटलं खूश होशील. तू वाचलंस आणि प्लेअर माझ्यासमोर टेबलावर ठेवलास. "पेटी वाजवणारीचं नाव पुढे आणि गाणाऱ्या गेल्या कुठे? काढ ते. एकटीने कधी भजन होतं का?" माझ्या ऑफिसात मला असं बोलायची कुणाची टाप नव्हती. मी मुकाट्याने काढलं. मग तू सांगत गेलीस आणि मी गाण्याच्या नावाच्या जागी लिहीत गेले: लोकलने यायच्या त्या अंधेरीच्या वहिनी, वरच्या काकू, शाळेतल्या बाई, शेवटी भैरवी. भैरवी सगळ्यांची, म्हणून तिला कुणाचं नाव नाही. तो प्लेअर मराठी अक्षरांचे चौकोन करायचा, म्हणून इंग्रजी लिपीत लिहिलं.

आणि तिथेच घोटाळा झाला. ट्रॅक वन, ट्रॅक टू होते तोवर गाणी क्रमाने वाजत होती. नावं दिल्याबरोबर प्लेअरने ती इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली. ए म्हणून अंधेरीच्या वहिनी पहिल्या, आणि बी म्हणून भैरवी लगेच दुसरी. मला एवढंच दिसायचं की तू वायर कानात घालतेस, भाजी फोडणीला पडायच्या आत काढून ठेवतेस आणि मग गप्प पोळ्या लाटतेस. शेवटी मी विचारलं, "आवडत नाही का? एवढंच ऐकतेस?"

"एवढंच तर आहे. एक झालं की भैरवी होते."

"अगं, पुढे आहेत सगळी! थांबायचं, आपोआप लागतात."

"भैरवीनंतर?" तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी चपला घालून देवघरात आलेय. "भैरवी झाली की उठायचं. काय शिकलीस तू कॉलेजात?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी आपण दोघी हसलो. मग प्रत्येक नावाआधी आकडा घातला, शून्य एक, शून्य दोन, आणि भैरवी पुन्हा शेवटी गेली. त्यानंतर तुझ्या पोळ्या होईपर्यंत मंडळ पुरायचं. तू गेलीस त्या आठवड्यातही प्लेअर डब्यांच्या फळीवर होता. पुढे तो बंद पडला, तो कॉम्प्युटरही भंगारात गेला, आणि आपण दिलेली नावं त्यांच्याबरोबर गेली. सीडीवर नावं नव्हतीच, नुसता आवाज होता.

आज ती सगळी मी पुन्हा लिहिली, तू सांगितली होतीस तशीच, आकड्यांसकट. आता मराठीत लिहिता येतात. एकेक गाणं उतरत गेलं. वरच्या काकू खणखणीत निघाल्या. भैरवी जरा खरखरत, पण निघाली. आणि त्यापुढचा ट्रॅक अडकला. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. सीडी काढून मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, अगदी तू चष्मा पुसायचीस तशी, सावकाश, आणि परत घातली.

निघाला. पेटीचा भाता बंद केल्याचा आवाज आहे. बांगड्या. कुणाची तरी खुर्ची सरकते. मग वरच्या काकू विचारतात, "पुढच्या गुरुवारी कुठे गं?" खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न. मग तू, अगदी रोजच्या आवाजात: "आधी चहा घ्या."

तेवढंच आहे. मधलं बोलणं काढ म्हणालीस, मी काढलं. हे शेवटचं मधलं नव्हतं. भैरवीच्या मागे ठेवलं, आणि भैरवी झाली की तू उठायचीस, म्हणून ते तुझ्या कानी कधी पडलं नाही. तुझा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नाही, आई. बाकी सगळीकडे तू पेटी आहेस.

काकूंना सगळं पाठवलं, हेसुद्धा. त्यांचा लगेच फोन आला. आपल्या गाण्याबद्दल अक्षर नाही. म्हणाल्या, "मेली, त्या दिवशी उत्तर दिलंच नाही तिने. चहा मात्र झकास केला होता."

बाकी गाण्यांना कलाकार म्हणून मी मंडळाचं नाव दिलंय, एकटीने भजन होत नाही या तुझ्या नियमाप्रमाणे. पण त्या शेवटच्या ट्रॅकपुढची कलाकाराची जागा रिकामी ठेवली की कॉम्प्युटर पुन्हा 'अननोन आर्टिस्ट' लिहायचा. तिथे मी तुझं नाव लिहिलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट, आणि एकटीचं.