पोटरीचा पेटका आणि हँगरची किल्ली

ताई,

तुझ्या त्या पार्सलानं माझी चारचौघांत शोभा केली, हे आधी ऐकून घे. नमस्कार, पोरांना पापे, भावजींच्या गुडघ्याची चौकशी, सगळं मागून येतंय. (गुडघा बरा असेल तर लिहू नकोस, कागद वाया जातो.)

तू शाळेतली बाई, छापलेलं सगळं खरं मानतेस. मी चौथीतून उठलेली, मी तुला खरं मानते. पोटरीत पेटके येतात तर रोज दोन केळी खा, दूध घे, पालेभाजी वाढव, झोपताना मॅग्नेशियमची एक गोळी, आणि घाम फार जातो म्हणून दुपारी क्षारांची एक पुडी, असं तू लिहिलंस. केलं. केळी तर इतकी खाल्ली की फळवाला मला लांबून बघूनच घड मोडायला घेतो. गोळ्या मात्र एकीच्या जागी दोन घेतल्या (लवकर गुण यावा म्हणून, मला वाट बघता येत नाही, तुला ठाऊक आहे), आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीत पोट असं सुटलं की सकाळच्या चार तासांत पाच वेळा किल्ली मागावी लागली.

किल्लीचं तुला कळणार नाही. आमच्या संडासाची किल्ली देखरेखवाल्या बाईच्या पाठीमागे टांगलेली असते, हरवू नये म्हणून लाकडी हँगरला बांधून. तो हँगर हातात घेऊन गिऱ्हाइकांसमोरून जायचं. बाई कुठे निघाली ते आंधळ्यालाही कळावं. पाचव्या वेळेला देखरेखवाली म्हणाली, "घरीच घेऊन जा ना, त्याला तुझी सवय झालीय." माझ्यासोबत काम करणाऱ्या अकराही जणी फिस्सकन हसल्या. या हँगरपायीच आम्ही कुणी कामावर पाणी पीत नाही. सकाळी निघताना अर्धा पेला, की थेट घरी. बावीस वर्षं माझं हेच.

त्या दिवसापासून तो अर्धा पेलाही बंद केला. पुडी लिटरभर पाण्यात विरघळव, असं तू लिहिलं होतंस, वाचलं मी; पण लिटरभर पाणी म्हणजे चार वेळा हँगर. मी कोरडीच फाकी मारली. जिभेचं कातडं झालं. आणि मंगळवारी वाफेच्या प्रेसचा पायडल दाबून धरलेला असताना असा पेटका आला की पाय उचलेचना. प्रेसखाली कुणा वकिलाचा काळा कोट, आणि मी तिथेच अडकून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय (त्या बिचाऱ्याचा काय दोष). कोटाच्या पाठीवर ताटाएवढा चकचकीत डाग.

देखरेखवाली म्हणाली, सोमवारपासून बसून घड्या घाल. ताई, त्या प्रेसवर आई उभी होती, तिच्यानंतर मी. घड्या नव्या पोरी घालतात.

डॉक्टरकडे गेले, तुझी यादी पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "दिवसाला पाणी किती?" मी टेबलावरच्या पेल्यावर अर्ध्यात बोट ठेवून दाखवलं, म्हटलं, घरी परतेपर्यंत एवढंच, आणि आता तेही बंद. ते लिहायचे थांबले.

परत येताना आईच्या पोटऱ्या आठवल्या. संध्याकाळी ती आली की तू डावी, मी उजवी, तेल लावून चोळायचो. दगड नुसते. चोळलं आपण पुष्कळ, पण आई, पाणी प्यालीस का, असं दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. आणि हँगर तेव्हाही हाच होता.

तुझी धाकटी

ता. क. : सोमवारी मालक येतात. किल्ली दारालाच राहावी, पाण्याचं पिंप प्रेसजवळ असावं आणि मी प्रेसवरच राहावं, असा अर्ज तुझ्या चांगल्या अक्षरात लिहून पाठव. अकराही जणी सही करणार आहेत, हसणाऱ्या म्हणजे त्याच. देखरेखवालीही हळूच विचारून गेली, माझी चालेल का. (किल्ली पाठीशी असून तीही पाणी पीत नाही. हँगर तिलाही मिरवायचा नसतो.)

आणखी ता. क. : उरलेल्या गोळ्या परत पाठवतेय. भावजींना देऊ नकोस, तुमच्या घरात संडास एकच आहे.

शेवटचं ता. क. : शाळेत तू सलग पाच तास शिकवतेस आणि पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणतेस, हे तुझ्या लेकीनं मला सांगितलंय. शुक्रवारपर्यंत अर्ज मिळाला पाहिजे, आणि सोबत वेगळ्या चिठ्ठीवर खरा आकडा : दिवसाला किती पेले?