मला बारोंग घालू नये

मी, जन्मदाखल्यावर वेन्सेसलाओ दिमायुगा काटिगबाक आणि त्या दाखल्याखेरीज सगळीकडे वेंडी, वय वर्षे सहासष्ट, धंदा केस कापणे, रंगवणे व नवऱ्या सजवणे, राहणार ताल, प्रांत बातांगास, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, ते डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितले. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. किळस हे दडपण धरत असतील, तर वकिलांनी हे वाक्य खोडावे.

कलम १. माझे प्रेत. घरादाराच्या आधी हेच लिहिते, कारण बाकी सगळे यावर अवलंबून आहे. मला माझा मोरपंखी गाऊन घालावा. तो कपाटात डावीकडे, प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला आहे. केस कापू नयेत. पापण्या लावाव्यात, ओठ रंगवावेत, आणि शवपेटीजवळच्या पाटीवर 'वेंडी' लिहावे. बारोंग घालू नये. लग्नात, निवडणुकीत आणि मेल्यावर पुरुष जो भरतकामाचा झिरझिरीत सदरा घालतात, तो माझ्या अंगाला लागता कामा नये.

कारण बेबांग. बेबांग आणि मी तीस वर्षे शेजारी शेजारी खुर्च्या मांडून केस कापले. ती गेली तेव्हा तिच्या घरच्यांनी तिला लिपा शहरातल्या अंत्यविधीगृहात नेले. मी आणि दुल्से (ती कोण ते कलम तीनमध्ये येईल) संध्याकाळी तिथे पोचलो. दोन दालने शेजारी शेजारी. पहिल्यात डोकावलो, तर पेटीत कोणी गृहस्थ. बाजूला भांग, तोंडाला पावडर, बारोंग. पाटीवर बर्नाबे इलागान.

"चुकलो गं," दुल्से कुजबुजली. "हा कोणीतरी बँकेतला साहेब दिसतोय."

आम्ही त्या गृहस्थासमोर मान लववली, माफी मागितली आणि दुसऱ्या दालनात गेलो. तिथे एक म्हातारी होती. तिच्या सुनांनी आम्हाला कॉफी आणि बिस्किटे दिली. बेबांगला अजून आणायची आहे असे समजून आम्ही तासभर तिथे बसलो, पत्त्यांचे दोन डावही खेळलो. मग बेबांगची आई दारात आली.

"तुम्ही बर्नाबेच्या दुकानातल्या ना? बघितलंत त्याला? किती देखणा दिसतोय. असाच राहिला असता तर."

आमच्या बेबांगला आम्ही ओळखले नाही. तिचे दाखल्यावरचे नाव आम्हाला कधी माहीतच नव्हते, आणि तोंड तर त्यांनी पुसून टाकले होते. मी तिला 'माफ करा हं, साहेब' म्हणून निघून आले. माझ्या मैत्रिणींनी माझी माफी मागून शेजारच्या दालनात जाऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे.

कलम २. घर. वडिलांचे घर, खालच्या मजल्यासकट, माझ्या नावावर आहे. ते मी माझी थोरली बहीण रेस्टिटुटा, जिला मी आते रेस्टी म्हणते (आते म्हणजे आमच्याकडे ताई), हिला देते. अट एकच: कलम एकमधला शब्द न् शब्द पाळायचा. न पाळल्यास घर दुल्सेला जाईल.

अट घालावी लागते, कारण आते रेस्टी बारोंगवर भरतकाम करते, आणि तालच्या बाजारात तिच्याइतके बारीक काम कोणाचे नाही. जूनमध्ये ती एक घडी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर उलगडली. छातीभर वेली, गळ्याला जाळी.

"पाच महिने लागले," ती म्हणाली. "बघ, उलट्या बाजूनंसुद्धा गाठ दिसत नाही."

"सुंदर आहे. कोणाचं?"

"तुझं. लागेल तेव्हा."

मी सूप पीत होते, ते बाजूला ठेवले. ती म्हणाली, "वेन्सेस, तू तिकडे भलत्या वेषात गेलास तर देव तुला ओळखणार कसा?" मी म्हणाले, देवाने मला रोज आरशासमोर पाहिले आहे, बारोंगमध्ये एकदाही नाही. ती उठून गेली. सदरा ठेवून गेली.

कलम ३. दुकान. खुर्च्या, आरसे, कात्र्या, केस वाळवायची दोन्ही यंत्रे आणि बँकेत असेल ते दुल्सीसिमो माकालिंताल ऊर्फ दुल्से हिला. मी सिनेनटी अमालिया सेरेनोच्या चाहता मंडळाची अध्यक्ष होते, दुल्से तिची प्रतिस्पर्धी व्हिवियन रोका हिच्या. एकोणऐंशी साली बातांगासच्या थिएटरबाहेर तिने माझे केस धरून मला फरफटत नेले, मी तिचा कान चावला. ती खूण अजून आहे. चाळीस वर्षे आम्ही एकमेकींचे वाभाडे काढत आलो. म्हणूनच माझा चेहरा तिनेच रंगवायचा. माझी एक पापणी तिरकी राहिली तर गावभर हसे होईल, आणि ते हसे दुसऱ्या कोणाच्या हातून झालेले तिला खपायचे नाही.

कलम ४. अमालिया सेरेनोची कात्रणे, अकरा वह्या. या सुक्या मासळीच्या बाजारात द्याव्यात. कागद चांगला जाड आहे, तेल शोषेल.

त्रेचाळीस सिनेमे मी पाहिले. प्रत्येकात तिची एक बाक्ला मैत्रीण असते, म्हणजे माझ्यासारखी. ती नायिकेचे केस विंचरते, तिला सल्ला देते, कोणाची तरी चप्पल खाते आणि शेवटच्या लग्नाच्या जेवणात तिला खुर्ची नसते. तिला बहुतेक वेळा नावही नसते. आणि एक प्रसंग ठरलेला: बाप पोराचे डोके पाण्याच्या पिंपात बुडवतो आणि विचारतो, बाप्या आहेस की बाई? पोर बुडबुडे सोडते. थिएटर लोटपोट.

आमच्या मागच्या दारीही पिंप होते. मी नऊ वर्षांची होते. वडील तीनदा बुडवायचे आणि तोच प्रश्न विचारायचे. आते रेस्टी पायरीवर भरतकाम करत बसलेली असायची. तिने मान वर केली नाही.

आणि थिएटरात मीही हसले. दर वेळी. सगळ्यांत मोठ्याने. सगळ्या देशाची येत नाही एवढी मला त्या हसण्याची किळस येते.

गेल्या वर्षी अमालियाबाई दुपारच्या कार्यक्रमात म्हणाल्या, "माझ्या बाक्ला चाहत्या मला फार आवडतात, किती मजेशीर असतात. पण त्यांचं आपसांत लग्नबिग्न म्हणाल तर देवाचा कायदा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. याच बाईसाठी मी पावसात चार तास फलक धरून उभी होते. त्या दिवशी दुल्सेचा फोन आला. मला वाटले, आता चेष्टा करणार. ती एवढेच म्हणाली, "माझी व्हिवियनही काही बोललेली नाही. गप्प बसलीय. जेवलीस का?"

आता तर मॉलवाले जूनमध्ये, आमच्यासारख्यांच्या अभिमानाचा महिना म्हणून, जिन्यांना इंद्रधनुष्य रंगवतात, सात रंगांचे आइसक्रीम विकतात. ते खाऊन मी बायकांच्या संडासाकडे गेले, तर पहारेकऱ्याने दंड धरला. "सर, पलीकडे." त्याच्या टोपीवरही इंद्रधनुष्याचा बिल्ला होता.

कलम ५. माझ्या पेटीसमोर 'सायांग' म्हणू नये. इतका देखणा आणि वाया गेला, या अर्थाने हा शब्द मी सहासष्ट वर्षे ऐकत आले. म्हणणाऱ्याला कॉफी देऊ नये.

कलम ६. हे कलम मी वकिलांच्या टेबलावर, सह्यांच्या आधी, हाताने वाढवत आहे. तीन साक्षीदार ठरले होते. त्यांतले निवृत्त गुरुजी इस्को यांनी पहिले पान वाचले, चष्मा पुसला, आणि "असल्या कागदावर माझं नाव नको" म्हणून निघून गेले. वीस वर्षे या माणसाच्या कानातले केस मी कापले आहेत. दुल्सेला वारसा मिळतो, म्हणून तिची सही चालत नाही. तीन सह्यांशिवाय कागद रद्दी.

आते रेस्टी मला घेऊन आली होती, ती बाहेरच्या बाकावर होती. ती आत आली आणि म्हणाली, "आण इकडे." तिने सगळे वाचले. बोट ठेवून, ओळ न् ओळ. पिंपाच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबले.

मग म्हणाली, "घरासाठी मी तुला गाऊन घालीन, असं वाटलं तुला? मला विकत घेतोस?"

मी म्हणाले, "दुसरं काय करू? फुकट केलं असतंस?"

ती वकिलांकडे वळली. "माझी सही चालेल?"

वकील म्हणाले, "चालेल. पण बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत की घर गेलं."

"ऐकू येतं मला. पेन द्या."

"आते, नीट विचार कर," मी म्हणाले.

"तू गप्प बस. आणि त्या गाऊनचा गळा उसवलाय, मी पाहिलाय कपाटात. तसा घालून जाशील तर लोक मला नावं ठेवतील."

घर आता दुल्सेचे. दुल्सेने आते रेस्टीला त्यात मरेपर्यंत राहू द्यावे, नाहीतर मी दुसरा कान चावायला येईन.

प्रत्येक पान वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण: ताल, बातांगास
तारीख: ९ ऑगस्ट २०२३

(सही) वेन्सेसलाओ दि. काटिगबाक, म्हणजे वेंडी

साक्षीदार:

(सही) मिलाग्रोस हेर्नांदेस, वय ५२, खालच्या मजल्यावरची खानावळवाली. नाते: भाडेकरू.

(सही) अर्सेनियो मालाबानान, वय ३८, वकिलांचे कारकून. नाते: नाही.

(सही) रेस्टिटुटा काटिगबाक, वय ७१, भरतकाम. नाते: वेंडी माझी धाकटी बहीण.