कूलरमधलं वांगं

८ फेब्रुवारी

आजपासून नवीन आयुष्य. पाचोऱ्याहून ऑफिस करून परत येताना गाडीत एक व्हिडिओ पाहिला. 'छोटं घर, हिरवं घर.' त्यातल्या बाई म्हणाल्या, घर लहान नसतं, दृष्टी लहान असते. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या. एवढी वर्षं नुसते राहिलो.

वेळही नेमकी आहे. बायकोचे, म्हणजे समीक्षाचे, वडील हिलालआबा धुळ्यात एकटेच असतात. सासूबाई गेल्यापासून ती त्यांना इकडे या, इकडे या म्हणतेय. ते म्हणतात, तुमच्या घरात जीव गुदमरतो. शेवटी कबूल झाले: मे महिन्यात आठ दिवस राहून बघतो, जमलं तर कायमचा येतो. समीक्षाने मला बजावलंय, ही शेवटची संधी, घोळ घालू नका. मी म्हणालो, माझ्यावर सोड. ती गप्प बसली. विश्वास बसला असावा.

१० फेब्रुवारी

बाई म्हणतात, कोपऱ्यात बुद्धमूर्ती ठेवा, घराला लगेच क्लास येतो. आमच्याकडे मूर्ती माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. क्लास अजून यायचाय. म्हणजे चूक कोपऱ्याची. मूर्ती हलवू का, असं समीक्षाला विचारलं. म्हणाली, हात तर लावून बघा. लावला नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळ

बाईंचा मूलमंत्र: सहा महिने वापरली नाही ती वस्तू टाकाऊ. घरभर फिरलो. खिडकीतला कूलर! पावसाळ्यापासून कोणी बटणसुद्धा दाबलेलं नाही. पत्र्याचं एवढं धूड, फुकट जागा अडवून बसलंय.

दुपार

कूलरचा पंखा आणि पंप काढून शेजारच्या कादरभाऊंना देऊन टाकले. त्यांचं कूलर दुरुस्तीचंच काम आहे. त्यांनी विचारलं, नवीन घेताय का? मी म्हणालो, आता निसर्ग हाच आमचा कूलर. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावलेले दिसले.

टाकीत माती भरली, शेणखत घातलं, भरताच्या वांग्याचं रोप लावलं. आबांचा भरतावर फार जीव. सासऱ्याला कूलरमध्ये पिकवलेलं भरीत! अख्ख्या धुळ्यात कोणाच्या जावयाने केलं असेल?

संध्याकाळ

समीक्षाने पाहिलं. खाली बसली. म्हणाली, अहो, आपण जळगावात राहतो. मी म्हणालो, म्हणूनच तर!

२ मार्च

प्लास्टिकच्या खुर्च्या हद्दपार. जुन्या टायरांना सुतळी गुंडाळून दोन आसनं केली. एकात बसून पाहिलं. झकास. फक्त उठता येईना. कादरभाऊंच्या घरातून हसीनाबी आल्या, त्यांनी ओढून काढलं. म्हणाल्या, भाऊ, ये बैठने का है के फसने का? सवयीने जमेल.

२९ मार्च

समीक्षाने परत कूलरचा विषय काढला. ऊन तापायला लागलंय म्हणे. मी दुसरा टप्पा जाहीर केला. यावलला ओळखीच्या शेतकऱ्याकडे केळी कापून झाली की खांब तसेच पडलेले असतात. खांबात नुसतं पाणी. भिंतीला उभे लावले की भिंत गार, भिंत गार की घर गार. टेम्पो सांगितला.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीहून मंडळी घरी सरबताला आली आणि बाहेर उन्हातच उभी राहिली. आत या, गार आहे, म्हणालो. म्हणाले, इथंच बरं आहे. खांबांना थोडा वास येतोय, हे मान्य. चिलटंही आहेत. पण चिलटं म्हणजे जैवविविधता. समीक्षा नाकाला पदर लावून सरबत वाटत होती. लोकांना काय वाटलं असेल?

२३ एप्रिल

वांगं धरलं!!! लिंबाएवढं आहे.

रात्री झोप नाही, दोघंही घामाने निथळतोय. वांग्याला झळ लागू नये म्हणून माझी छत्री खिडकीला बांधली, बुंध्याला ओला टॉवेल गुंडाळला. समीक्षा म्हणाली, लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यावर कधी छत्री धरली नाहीत. तिच्याकडे तिची स्वतःची छत्री आहे.

४ मे

सहज कादरभाऊंकडे डोकावलो. पंख्याची सहज चौकशी केली. तो त्यांनी केव्हाच दुसऱ्याच्या कूलरला बसवला. नवा कूलर? सीझन आहे भाऊ, जूनशिवाय बोलूच नका. मी नमतं घेतलेलं नाही. चौकशी केली, एवढंच.

१० मे, सकाळ

आबा आले. दारातच थांबले. म्हणाले, काही मेलं का घरात? मी म्हणालो, केळीचे खांब आहेत, इको-फ्रेंडली. आबांनी समीक्षाकडे पाहिलं. समीक्षाने भिंतीकडे पाहिलं, मग भिंतीवर चिलटं होती म्हणून जमिनीकडे.

दुपार

घात झाला.

आबांनी शर्ट काढला, घाम पुसला आणि विचारलं, कूलर कोठे शे? मी छत्री बाजूला करून वांगं दाखवलं. चांगलं मुठीएवढं झालं होतं. आबा म्हणाले, हाई काय शे? म्हणालो, तुमचं उद्याचं भरीत. आबांना जरा बसावंसं वाटलं. ते टायरमध्ये बसले.

त्यांना काढायला कादरभाऊ, हसीनाबी, समीक्षा आणि मी असे सगळे लागलो. दोघं ओढतायत, दोघं टायर धरतायत. दार उघडंच राहिलं. हसीनाबींची बकरी आत आली आणि कूलरवर पुढचे पाय ठेवून वांगं खाऊन गेली. झाडासकट. ओला टॉवेलही अर्धा खाल्ला. आबांनी टायरमधून सगळं बघितलं.

११ मे

आबा पहिल्या बसने धुळ्याला परत गेले. मी स्टँडवर पोचवायला येतो म्हणालो. त्यांनी हात जोडले.

समीक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. ओट्याशी पाठ करून उभी होती, नुसते खांदे हलत होते. म्हणाली, आता ते कधीच यायचे नाहीत. तिकडे एकट्याने भाकऱ्या थापतात, हात भाजतात, फोनवर सांगतही नाहीत. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. असं झालं तर काय करायचं, ते व्हिडिओतल्या बाईंनी कुठंच सांगितलेलं नाही.

खांब उचलून बाहेर टाकले. बकरी आली, वास घेतला आणि परत गेली.

१४ मे

चमत्कार!

दारात टेम्पो. टेम्पोत आबा. सोबत खाट, पत्र्याची पेटी, पितळी तांब्या आणि केवढा तरी मोठा धुळ्याचा कूलर. म्हणाले, मी आते आठेच ऱ्हासू. कायमचे आले! समीक्षा लहान पोरीसारखी त्यांच्या गळ्यात पडून रडली, मग हसली, मग परत रडली. मला तिने चहा दिला, तोही न मागता.

शेवटी सजावटच कामी आली. काही लोकांना हिरव्या घराची गोडी उशिरा कळते. घरी गेल्यावर त्यांना ते चार भिंतींचं रखरखीत घर सोसवलं नसणार. व्हिडिओखाली कमेंट टाकली: ताई, मी सासरा जिंकला.

आबांनी आल्या आल्या माझा कूलर मातीसकट गच्चीवर नेऊन ठेवायला लावला. त्यांचा खिडकीत बसला.

१५ मे, दुपार

आबा का आले ते कळलं. त्यांनी काल कुंपणावरून हसीनाबींना सांगितलं, या मानूसजोडे मनी पोरले एकली कशी सोडू? म्हणजे माझ्याजवळ पोरीला एकटं सोडवेना. हसीनाबींना सांगताना हसू आवरेना. म्हणाल्या, भाऊ, बुरा मत मानो, तुम्हारी वजह से ही आए वो.

बुरा मानला नाही. वजह तर मीच आहे.

आत कूलर घरघरतोय. आबा खाटेवर पडलेत, समीक्षा त्यांना आंबा कापून देतेय आणि दोघं कशावर तरी खळखळून हसतायत. कशावर ते मी विचारलेलं नाही. कूलरमध्ये बादलीने पाणी भरायचं काम माझ्याकडे आहे. टायर आबांनी अंगणात काढून ठेवले, म्हणून जरा सावलीत बसून हे लिहितोय. हवा इथपर्यंत येत नाही.

आबा हाक मारतायत, जवाईबापू, पानी सरनं. दोनदा आलो म्हणालो. आता तिसऱ्यांदा मारतायत. पण मला टायरमधून काढायला आधी कोणीतरी बाहेर यायला पाहिजे.